वेळ देणारी बॅट

डिसेंबर १९८० मधली गोष्ट आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला आमचा तीन दिवसांचा सामना होता. शेवटच्या दिवशी आमच्या ऑफस्पिनरने सकाळपासून एक टोक सोडलं नाही. हा माझा जिवलग मित्र. तर्जनीची साल निघाली होती, तिच्यावर चिकटपट्टी लावून तो टाकत राहिला. प्रतिस्पर्ध्यांचे सात बळी घेऊन त्याने त्यांचा दुसरा डाव संपवला, तेव्हा आम्हाला जिंकायला १४८ धावा हव्या होत्या आणि साधारण ४० षटकांचा खेळ बाकी होता. पहिल्या डावात आम्ही मागे पडलो होतो. म्हणजे सामना अनिर्णित राहिला तर करंडक त्यांच्याकडे जाणार, हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी सलामीला गेलो आणि शेवटपर्यंत नाबाद राहिलो. ४१ धावा. संघाच्या झाल्या ३ बाद ९६. तंबूत परतलो तेव्हा आमच्या गुरुजींनी पाठ थोपटली. ‘विकेट फेकली नाहीस, शाब्बास,’ म्हणाले. मित्र कोपऱ्यात बसून बोटाची चिकटपट्टी सोडवत होता. मान वर न करता तो एवढंच म्हणाला, ‘मी सकाळपासून वेळ मिळवत होतो. तू ती खाल्लीस.’

मंडळी, आज कसोटी क्रिकेटमधल्या आक्रमक फलंदाजीबद्दल बोलायचं ठरवलं, तेव्हा मला प्रथम ते वाक्य आठवलं. कारण या विषयावर आजवर जे वाचलं, पाहिलं आणि रेडिओला कान लावून ऐकलं, त्याचं सार त्या एका वाक्यात आलेलं आहे.

मी दादरचा. मुंबईच्या मैदानांवर ज्यांनी आम्हाला बॅट धरायला शिकवली, त्यांची शिकवण एका शब्दात सांगायची तर ‘खडूस’. चेंडू जमिनीवरून मार. पहिला तास गोलंदाजाला दे. विकेटची किंमत ठेव. विजय मर्चंट ते सुनील गावसकर अशी ही थोर परंपरा आहे, तिची चेष्टा करायला मी उभा नाही. त्या शिकवणीतूनच मुंबईने रणजी करंडक वर्षानुवर्षं आपल्याकडे ठेवला. पण तिच्यातला एक धडा आमच्यासारख्या मध्यम कुवतीच्या मुलांनी अर्धाच घेतला. विकेट जपायची हे कळलं. कशासाठी जपायची हे कळायचं राहून गेलं.

आता जरा हिशेब मांडू. कसोटी सामना पाच दिवसांचा. दिवसाला ९० षटकं धरली तर एकूण ४५० षटकं. सामना जिंकायचा तर, प्रतिस्पर्ध्याने स्वतः डाव घोषित केला नसेल तर, त्याचे वीस गडी बाद करावे लागतात. धावा कितीही केल्या तरी या अटीतून सुटका नाही. ते वीस गडी काढायला गोलंदाजांना षटकं लागतात, आणि ती षटकं येतात त्याच ४५० मधून. म्हणजे फलंदाज जी षटकं वापरतो ती आपल्याच गोलंदाजाच्या वाट्यातली असतात. चारशे धावा शंभर षटकांत केल्या काय आणि दीडशे षटकांत केल्या काय, धावफलकावर आकडा तोच दिसतो. पण पहिल्या संघाच्या गोलंदाजांच्या हाती पन्नास षटकं जास्त असतात. जलद धावांचा कसोटीतला खरा फायदा हा आहे. प्रेक्षकांची करमणूक होते ती वरकड.

वेळेचं बंधनच काढून टाकलं तर काय होतं, याचाही प्रयोग झालेला आहे. एकेकाळी निकाल लागेपर्यंत चालणाऱ्या ‘टाइमलेस’ कसोट्या होत. १९३९ च्या मार्चमध्ये डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात अशी कसोटी झाली. ३ तारखेला सुरू झालेला सामना १४ तारखेपर्यंत चालला. शेवटच्या डावात इंग्लंडला ६९६ धावा हव्या होत्या. त्यांनी ५ बाद ६५४ केल्या. फक्त ४२ धावा उरल्या, पाऊस आला, आणि मायदेशी जाणारी बोट चुकू नये म्हणून सामना तिथेच सोडून द्यावा लागला. वेळ अमर्याद आहे म्हटल्यावर कुणालाच घाई नव्हती, आणि घाई नव्हती म्हणून अमर्याद वेळही अपुरी पडली! त्यानंतर टाइमलेस कसोटी खेळली गेली नाही.

आपल्याकडे पन्नास-साठच्या दशकांत वेळेला मर्यादा होती, पण हरण्याची भीती त्याहून मोठी होती. १९५४-५५ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात पाच कसोट्या खेळला, पाचही अनिर्णित. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानचा संघ इथे आला, पाचही अनिर्णित. १९६३-६४ मध्ये इंग्लंड आलं, पुन्हा पाचही अनिर्णित. तीन मालिका, पंधरा सामने, निकाल शून्य. त्यातल्या शेवटच्या मालिकेत, जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला, आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. त्या डावातलं त्यांचं पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी शून्य असं आहे. बापूंच्या अचूकतेला सलामच केला पाहिजे. पण टाळी दोन हातांनी वाजते. समोरच्या फलंदाजांनीही ठरवलेलं होतं की काही करायचं नाही.

१९६० च्या डिसेंबर महिन्यात, ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्या दुसऱ्या मालिकेची सुरुवात होत होती, तेव्हाच तिकडे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एक वेगळा सामना सुरू झाला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार रिची बेनॉ, वेस्ट इंडिजचा फ्रँक वॉरेल. दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर इंग्लंडने एका अख्ख्या दिवसात १०६ धावा केल्या होत्या आणि ट्रेव्हर बेलीने ६८ धावांसाठी साडेसात तासांहून अधिक वेळ घेतली होती. लोकांनी कसोटीकडे पाठ फिरवायला सुरुवात केली होती. बेनॉ आणि वॉरेल यांनी ठरवलं, की जिंकायला खेळायचं.

शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाला २३३ धावा हव्या होत्या. ६ बाद ९२ अशी अवस्था झाली. चहापानाला ६ बाद १०९. दोन तासांत १२४ धावा हव्या, वेस हॉलसारखा तोफखाना समोर. आपल्याकडे असता तर त्या क्षणी सामना अनिर्णित करण्याचा निर्णय झाला असता, आणि तो शहाणपणाचाही मानला गेला असता. बेनॉने चहाच्या वेळी डॉन ब्रॅडमनना सांगितलं, आम्ही जिंकायला जातोय. ॲलन डेव्हिडसन आणि बेनॉ यांनी सातव्या गड्यासाठी १३४ धावा जोडल्या. शेवटच्या षटकात सहा धावा आणि तीन गडी बाकी होते. ते षटक आठ चेंडूंचं. त्यात बेनॉ झेलबाद झाला, दोघे धावचीत झाले, आणि जो सॉलोमनच्या फेकीने यष्ट्या उडाल्या तेव्हा धावसंख्या बरोबरीत होती. कसोटीच्या इतिहासातली ती पहिली ‘टाय’.

टाय झालेल्या कसोट्या आजवर दोनच. दुसरी आपल्या मद्रासची, सप्टेंबर १९८६ मधली. ॲलन बॉर्डरने शेवटच्या सकाळी डाव घोषित करून भारतापुढे ३४८ धावांचं आव्हान ठेवलं आणि कपिलदेवच्या संघाने ते स्वीकारलं. आपल्या परंपरेचे दैवत, गावसकर, त्या दिवशी ९० धावा करून गेले. मला यातून एक गोष्ट दिसते. सामना बरोबरीत सुटायलासुद्धा दोन्ही संघांना हरण्याची तयारी ठेवावी लागते. भीतीने खेळलेले सामने अनिर्णित होतात. त्यांची टाय होत नाही.

आता एक गैरसमज दूर करतो. आक्रमक फलंदाजी म्हटलं की डोळ्यांसमोर षटकार येतो. तसे षटकारही आपल्या इतिहासात आहेत. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर कर्नल सी. के. नायडूंनी इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध १५३ धावांत ११ षटकार मारले, आणि भारताला कसोटीचा दर्जा मिळावा या मागणीला त्या खेळीने बळ आलं. सहा वर्षांनी, १९३२ मध्ये, लॉर्ड्‌सवर भारत पहिली कसोटी खेळला तो नायडूंच्याच नेतृत्वाखाली.

पण ब्रॅडमनकडे पाहा. ११ जुलै १९३० रोजी लीड्‌सला त्यांनी एका दिवसात ३०९ धावा केल्या. कसोटीत एका दिवसात एका फलंदाजाने तीनशे धावा केल्याचं ते एकमेव उदाहरण आहे. दुसऱ्या दिवशी ते ३३४ वर बाद झाले. चौकार ४६ आणि षटकार एकही नाही. ‘चेंडू जमिनीवरून मार’ हे आमच्या गुरुजींचं वाक्य ब्रॅडमननी तंतोतंत पाळलं होतं. म्हणजे खोट त्या शिकवणीत नव्हती. चेंडू जमिनीवरून मारायला सांगितलं होतं, तो न मारता तिथेच दाबून ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं.

खुद्द गावसकरांनी हे ऑक्टोबर १९८३ मध्ये दाखवून दिलं. कानपूरला माल्कम मार्शलच्या चेंडूने त्यांच्या हातातली बॅट निसटून पडली होती आणि त्यावर बरीच टीका झाली. पुढच्याच दिल्ली कसोटीत त्यांनी त्याच मार्शल आणि होल्डिंगला हुक मारत ९४ चेंडूंत शतक केलं. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी झाली ती त्या शतकाने. वर्षानुवर्षं जो माणूस किल्ला लढवत होता, त्याच्याकडे हे सगळे फटके होतेच. कधी काढायचे हा त्याचा निर्णय होता.

आता पुन्हा माझ्या त्या सामन्यानंतरच्या दिवसांकडे येतो. मित्र माझ्याशी नीट बोलत नव्हता. मी मात्र आपल्या ४१ नाबादचा अभिमान बाळगून होतो. महिनाभरात, जानेवारी १९८१ मध्ये, भारतीय संघ ऑस्ट्रेलियात खेळत होता. सिडनीच्या पहिल्या कसोटीत लेन पॅस्कोचा चेंडू डोक्याला लागून आमच्या शिवाजी पार्कचा संदीप पाटील कोसळला. ६५ धावांवर त्याला मैदान सोडावं लागलं आणि भारत डावाने हरला. दुसरी कसोटी ॲडलेडला. ऑस्ट्रेलियाने ५२८ धावा केल्या, त्यात किम ह्यूजच्या २१३. भल्या सकाळी चाळीच्या गॅलरीत रेडिओभोवती आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. आवाज खरखरीत बुडायचा, पुन्हा वर यायचा, आणि वर आला की चौकार ऐकू यायचा. लिली, पॅस्को, हॉग यांच्यासमोर तीनच आठवड्यांपूर्वी डोक्याला मार खाल्लेला पोरगा १७४ धावा करून गेला. दुसऱ्या टोकाला चेतन चौहान नेहमीच्या चिकाटीने उभा होता, तो ९७ वर बाद झाला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा कागद घेऊन हिशेब केला. भारताच्या झाल्या ४१९. त्यातून १७४ वजा करा, उरतात २४५. फॉलोऑन टाळायला हव्या होत्या ३२९. तरीही तो सामना काही आपण जिंकलो नाही. शेवटच्या दिवशी ८ बाद १३५ अशा अवस्थेत तळाच्या फलंदाजांनी जीव मुठीत धरून तो वाचवला. तेव्हा चेंडू अडवत राहणं हेच धैर्य होतं, आणि ते फळाला आलं. पुढे मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला १४३ धावा हव्या असताना कपिलदेवने २८ धावांत पाच बळी घेतले, ते ८३ धावांत आटोपले आणि मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली. पाटीलची खेळी, तळाच्या फलंदाजांचा बचाव आणि कपिलची गोलंदाजी यांची अशी साखळी जुळली होती. त्यातली एक कडी काढली असती तर आपण मालिका हरून परतलो असतो.

पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, ओल्ड ट्रॅफर्डला याच पाटीलने इंग्लंडचा कर्णधार बॉब विलिस याला एका षटकात सहा चौकार मारले आणि नाबाद १२९ धावा केल्या, तेव्हा दादरला दिवाळी झाली. पण मला विचाराल तर ॲडलेडची खेळी मोठी. तिने भारताच्या डावाला श्वास दिला.

वेळेचा हिशेब खऱ्या अर्थाने मला शिकवला तो मात्र २००१ सालाने. त्या फेब्रुवारीत स्टीव्ह वॉचा ऑस्ट्रेलियन संघ ओळीने पंधरा कसोट्या जिंकून मुंबईत आला. २५ फेब्रुवारीला ब्रॅडमन गेले आणि २७ ला वानखेडेवर सामना सुरू झाला. मी स्टँडमध्ये होतो. भारत १७६ धावांत आटोपला. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलिया ५ बाद ९९, स्टेडियम नुसतं दणाणत होतं. तेवढ्यात ॲडम गिलख्रिस्ट आला. दुसरा कुणी असता तर डाव सावरायला लागला असता. याने आणि मॅथ्यू हेडनने १९७ धावांची भागीदारी केली, गिलख्रिस्टच्या १२२ धावा ११२ चेंडूंत झाल्या. सामना तिसऱ्या दिवशी संपला. दोन दिवस शिल्लक राहिले! ऑस्ट्रेलियाचा हा सलग सोळावा विजय होता. ते षटकामागे चार धावांच्या आसपास जायचे, म्हणून मॅक्ग्रा आणि वॉर्न यांना नेहमी पुरेशी वेळ मिळायची.

पुढची कसोटी कोलकात्याची. ती कथा सर्वांना पाठ आहे, पण तिच्यातली षटकं क्वचितच कुणी मोजतं. भारत २७४ धावांनी मागे, फॉलोऑन. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, चौथ्या दिवशी एकही गडी बाद नाही. लक्ष्मणच्या त्या २८१ मध्ये चौकार ४४ आणि षटकार एकही नाही. पुन्हा जमिनीवरूनच! भारताने ७ बाद ६५७ वर डाव घोषित केला तो १७८ षटकांत, म्हणजे षटकामागे ३.६९ धावा. ऑस्ट्रेलियापुढे ३८४ धावा आणि ७५ षटकं उरली. चहापानानंतर ते ३ बाद १६६ वरून ८ बाद १७४ झाले. हरभजनने त्या डावात सहा बळी घेतले आणि ६८.३ षटकांत ते २१२ वर बाद झाले.

आता पाहा. त्याच ६५७ धावा जुन्या पद्धतीने, षटकामागे अडीचच्या गतीने केल्या असत्या, तर २६३ षटकं लागली असती. म्हणजे ८५ षटकं जास्त. उरली होती फक्त ७५. लक्ष्मणच्या २८१ तशाच राहिल्या असत्या, द्रविडच्या १८० तशाच राहिल्या असत्या, वर्तमानपत्रांनी त्याला ‘ऐतिहासिक बचाव’ म्हटलं असतं आणि सामना अनिर्णित सुटला असता. प्रत्यक्षात शेवटचा गडी बाद झाला तेव्हा सहा-सात षटकंच बाकी होती. एका ऑफस्पिनरच्या हाती ती वेळ लक्ष्मणने ठेवली होती. त्या रात्री मला कॉलेजच्या मैदानाच्या कोपऱ्यात बसलेला दुसरा एक ऑफस्पिनर आठवला. झोप लागली नाही.

आक्रमणाचा दुसरा फायदा मैदानावर उघड दिसतो. नवा चेंडू हाती घेतलेला कर्णधार तीन स्लिप आणि गली लावून सुरुवात करतो. पहिल्या पाच षटकांत चार चौकार गेले की एक स्लिप निघते आणि सीमेवर जाऊन उभी राहते. आणखी दोन गेले की दुसरी निघते. आता बॅटची कड लागली तर झेल घ्यायला तिथे कुणी नसतं. क्षेत्ररक्षक लांब गेल्यामुळे दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाला सहज एकेक धाव मिळते. गोलंदाज आपला टप्पा सोडून बचावाचा टप्पा शोधायला लागतो. एकाने धोका पत्करला की बाकीच्या दहा जणांचा खेळ सोपा होतो.

याचं उत्तम उदाहरण डिसेंबर २००८ चं. मुंबईवर २६ नोव्हेंबरला दहशतवादी हल्ला झाला होता. इंग्लंडचा संघ मायदेशी गेला आणि पुन्हा परत आला. मुंबईला व्हायची होती ती कसोटी दुसरीकडे हलवण्यात आली आणि मालिका चेन्नईला सुरू झाली. चौथ्या दिवशी दुपारी भारतापुढे ३८७ धावांचं लक्ष्य आलं. भारतात इतक्या धावांचा पाठलाग तोवर कुणीही यशस्वी केला नव्हता. वीरेंद्र सेहवागने ६८ चेंडूंत ८३ धावा केल्या आणि तो बाद झाला. दिवसअखेर भारत १ बाद १३१. शेवटच्या दिवसाला उरल्या २५६ धावा, म्हणजे ९० षटकांत षटकामागे तीनपेक्षाही कमी! अशक्य वाटणारं गणित एका संध्याकाळी शाळेतल्या गणितासारखं सोपं झालं. दुसऱ्या दिवशी सचिनने नाबाद १०३ धावा केल्या, युवराजने नाबाद ८५, आणि भारत सहा गडी राखून जिंकला. सचिनने ते शतक मुंबईकरांना अर्पण केलं. त्या दिवशी आमच्या इमारतीत तीन आठवड्यांनी पहिल्यांदा कुणी मोठ्याने हसलेलं मी ऐकलं. सामनावीर मात्र सेहवाग ठरला, आणि ते योग्यच होतं.

या मार्गाची किंमतही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब अपुरा राहील. याच सेहवागने २००३ च्या डिसेंबरमध्ये मेलबर्नला पहिल्या दिवशी १९५ धावा केल्या आणि षटकाराने द्विशतक गाठायला जाऊन तो सीमेवर झेलबाद झाला. दिवसअखेर भारत ४ बाद ३२९ होता, पण दुसऱ्या दिवशी ३६६ वर सर्वबाद झाला आणि ती कसोटी आपण नऊ गडी राखून हरलो. इंग्लंडचंही तसंच. २०२२ मध्ये बेन स्टोक्स आणि प्रशिक्षक ब्रेंडन मॅकलम यांनी सूत्रं घेतली, त्याआधीच्या १७ कसोट्यांत इंग्लंडने एकच जिंकली होती. पुढच्या अकरापैकी त्यांनी दहा जिंकल्या. त्याच वर्षी रावळपिंडीच्या निर्जीव खेळपट्टीवर पहिल्याच दिवशी ४ बाद ५०६ केल्या, धाडसाने डाव घोषित केला आणि पाचव्या दिवशी मावळत्या उन्हात ७४ धावांनी विजय मिळवला. पण हाच संघ २०२३ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंडला फॉलोऑन देऊन एका धावेने हरला आणि २०२४ मध्ये भारतात ४-१ अशी मालिका गमावून गेला. फटका मारणं ही सवय झाली की ती टुकूटुकू खेळण्याच्या सवयीइतकीच आंधळी होते. परिस्थिती पाहून निर्णय घ्यायचा असतो, आणि निर्णय घेणारा माणूस कधीतरी चुकतो. ही जोखीम आहेच.

शेवटी कानपूरचा प्रसंग सांगतो. सप्टेंबर २०२४, बांगलादेशविरुद्धची कसोटी. पहिल्या दिवशी ३५ षटकं झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी एकही चेंडू पडला नाही. चौथ्या दिवशी बांगलादेशचा पहिला डाव २३३ वर संपला, तेव्हा सामन्याचे दीडच दिवस उरले होते. अनिर्णित म्हणून सोडून द्यायला याहून चांगलं निमित्त कोणतं? भारताच्या सलामीला दोघे मुंबईचे. रोहित शर्माने आपल्या पहिल्या दोन चेंडूंवर दोन षटकार मारले. आझाद मैदानावरच्या तंबूत राहून क्रिकेट शिकलेल्या यशस्वी जयस्वालने ५१ चेंडूंत ७२ केल्या. संघाच्या ५० धावा तीन षटकांत झाल्या. ३४.४ षटकांत ९ बाद २८५ वर डाव घोषित. रोहितच्या स्वतःच्या धावा २३. सरासरीच्या दृष्टीने नगण्य, पण त्याने अकरा चेंडूंत सगळ्या संघाला सांगून टाकलं, की आज कुणी आपल्या नावापुढच्या आकड्याकडे पाहायचं नाही. पाचव्या दिवशी बांगलादेश १४६ वर बाद झाला. बुमरा, अश्विन आणि जडेजा, प्रत्येकी तीन बळी. भारत सात गडी राखून जिंकला.

मुंबईची खडूस शिकवण त्या दोघांनी सोडली असं मला वाटत नाही. उलट त्यांनी ती पुरती घेतली. विकेटची किंमत त्यांना ठाऊक होती, म्हणूनच ती कधी आणि कशासाठी द्यायची हेही ठाऊक होतं.

सामना संपला त्या दुपारी मी माझ्या त्या मित्राला फोन केला. बँकेतून निवृत्त होऊन तो आता ठाण्याला असतो. चव्वेचाळीस वर्षांत आम्ही त्या सामन्याचा विषय काढलेला नव्हता. मी म्हणालो, ‘त्या दिवशी मी मारायला हवं होतं.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हसला. ‘बाद झाला असतास.’

‘झालो असतो.’

‘मग काय?’ तो म्हणाला. ‘पुढचा आला असता.’